गुन्हेगाराचे मन आणि आपले दार
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा सारांश)



मंगल प्रसंगी गुन्हेगारीचा विषय काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु आपल्यापैकी अनेकजण व्यापारी आहेत. गल्ल्यात पैसे कमी भरले, की नोकराकडे आपण कोणत्या नजरेने पाहतो, हे प्रत्येकाला ठाऊक आहे.

'तो जात्याच चोर!' असे आपण सहज म्हणून जातो. इटलीतील डॉक्टर चेझारे लोंब्रोसो यांनी १८७६ साली हेच मत शास्त्र म्हणून मांडले. कवटी व जबड्याच्या ठेवणीवरून जन्मजात गुन्हेगार ओळखता येतो, असा त्यांचा दावा होता. इंग्लंडमधील चार्ल्स गोरिंग यांनी सुमारे तीन हजार कैद्यांची मोजमापे घेतली. १९१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाने, गुन्हेगारांचा असा वेगळा शारीरिक साचा नसतो, हे दाखवून दिले.

पुढे अभ्यासकांची दृष्टी चेहऱ्यावरून बालपणाकडे वळली. जॉन बोल्बी यांनी लंडनमधील ४४ चोर मुलांचा अभ्यास १९४४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांपैकी १४ मुले मायेला पारखी, भावनाशून्य अशी होती. आणि त्या १४ पैकी १२ जणांची लहानपणी आईपासून दीर्घकाळ ताटातूट झाली होती. नमुना लहान होता, त्यावर आक्षेपही आले. मायेला अंतरलेले प्रत्येक मूल चोर होत नाही, हेही खरेच.

१९५७ मध्ये साइक्स आणि मॅट्झा या अमेरिकन अभ्यासकांनी आणखी एक गोष्ट दाखविली. गुन्हा करणारा आधी स्वतःच्या मनाची समजूत घालतो : 'श्रीमंताचे थोडे गेले तर काय बिघडले?' मनाची ही पळवाट केवळ तुरुंगातच आढळते, असे आपण प्रामाणिकपणे म्हणू शकू काय?

कारण समजून घेणे म्हणजे गुन्ह्यावर पांघरूण घालणे नव्हे. ज्याचे घर फुटले, त्याला न्याय मिळालाच पाहिजे. प्रश्न शिक्षेनंतरचा आहे. केवळ धाकाने माणूस सुधारत नाही. अमेरिकेत १९७० च्या दशकात वाट चुकलेल्या मुलांना तुरुंगात नेऊन कैद्यांकडून दरडावण्याचा उपक्रम गाजला. पुढील पाहण्यांत अशा मुलांकडून उलट अधिक गुन्हे घडल्याचे दिसून आले.

याउलट उदाहरण आपल्याच मातीत आहे. १९३९ मध्ये औंध संस्थानात, आटपाडीजवळ, राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधी आणि पोलिश अभियंता मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने स्वतंत्रपूर वसविण्यात आले. तेथे कैदी भिंतीविना, कुटुंबासह राहून शेती करू लागले. व्ही. शांताराम यांच्या 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) या चित्रपटाला याच प्रयोगाची प्रेरणा होती. पाठोपाठ आलेल्या १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाने, योग्य प्रकरणी अपराध्याला तुरुंगात न पाठविता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याची वाट खुली केली.

आता एक कबुली देतो. मी आयुष्यभर मानसशास्त्र शिकविले. आमच्या घरच्या दुकानात काम करणाऱ्या एका मुलाने गल्ल्यातून पैसे उचलले. त्याला पोलिसांच्या स्वाधीन केले, याचा मला पश्चात्ताप नाही. परंतु सुटून आल्यावर तो काम मागायला आला, तेव्हा मी त्याला पायरीवरूनच परत पाठविले. न्यायालयाने दिलेली शिक्षा त्याने भोगली होती. त्यापुढची शिक्षा मी दिली. ती देण्याचा अधिकार मला कोणी दिला होता? तो पुढे कुठे गेला, हे मला आजतागायत कळलेले नाही.

बंधु-भगिनींनो, आपल्या संस्थेच्या पन्नास वर्षांत अनेक गरजूंना आधार मिळाला. शिक्षा भोगून आलेल्या एखाद्या तरुणाला आपल्या दुकानात, गोदामात हिशेबाचे नव्हे, तरी कष्टाचे काम आपण देऊ शकू काय? प्रारंभी देखरेख ठेवावी, विश्वास हप्त्याहप्त्याने द्यावा. पण दार लावून घेऊ नये. माझ्या हातून जे राहून गेले, ते आपल्यापैकी एकाने जरी केले, तरी हे बोलणे सार्थकी लागेल.