पुण्याहून बंगळूरला : मधला रस्ता

(शाळेच्या हीरकमहोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर दिलेले भाषण)



मला आज बोलायचे आहे ते ज्या रस्त्याने आपल्यापैकी बहुतेकांची घराणी इथवर आली, त्या रस्त्याविषयी. कागदोपत्री त्याचा क्रमांक आता ४८ आहे. २०१० साली देशातील महामार्गांना नवे क्रमांक मिळाले, तोवर तो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४ होता, आणि ट्रकवाले अजूनही त्याला ‘एनएच फोर’च म्हणतात. पुणे ते बंगळूर हे अंतर सुमारे ८४० किलोमीटर. आपण ते रात्रीच्या बसमध्ये झोपून काढतो. संध्याकाळी आनंदराव सर्कलला गाडीत बसायचे आणि सकाळी कराडला किंवा कोल्हापूरला डोळे उघडायचे. त्यामुळे आपल्या मुलांना या रस्त्याची दोन टोके ठाऊक आहेत; मधले काहीच ठाऊक नाही. माझी तक्रार नेमकी एवढीच आहे.

हा रस्ता सह्याद्रीच्या पूर्वेकडून, पठाराच्या अंगाने दक्षिणेला उतरतो असे आपण सहज बोलून जातो. वस्तुतः तो उतरत नाही. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे, तर बंगळूर ९०० मीटरहून अधिक उंचीवर. पुण्याहून निघालेला प्रवासी चढउतार करीत अखेर वरच येतो. खरे घाट मात्र आरंभीच आहेत. कात्रजचा जुना बोगदा घाटमाथ्याजवळ आहे, नवा त्याच्या खालून काढला. पुढे नीरा नदी, शिरवळ आणि मग खंबाटकी. खंबाटकीची गंमत अशी की, साताऱ्याकडे जाणाऱ्या गाड्या अनेक वर्षे जुन्या वळणांनी डोंगर चढत आणि पुण्याकडे येणाऱ्या बोगद्यातून निघून जात. त्यामुळे जातानाचा आणि येतानाचा देखावा एक नसे.

पण या रस्त्याचे खरे वैभव घाटांत नाही, नद्यांत आहे. नीरा ओलांडली की भुईंजजवळ कृष्णा, साताऱ्यालगत वेण्णा, मग उरमोडी, तारळी आणि कराडला कोयना. पुढे वारणा, शिरोलीजवळ पंचगंगा, कागल सोडल्यावर दूधगंगा, निपाणीच्या अलीकडे वेदगंगा, संकेश्वरला हिरण्यकेशी, त्यानंतर घटप्रभा, मार्कंडेय, मलप्रभा, हावेरीजवळ वरदा, हरिहरला तुंगभद्रा आणि हिरियूरला वेदावती. आपल्याला परक्या वाटणाऱ्या या सर्व नद्या शेवटी कृष्णेला मिळतात. वेदावतीदेखील तुंगभद्रेतून तिथेच जाते. पुण्याची मुठासुद्धा भीमेच्या वाटेने कृष्णेकडेच जाते. म्हणजे पुण्यापासून जवळजवळ तुमकूरपर्यंत हा रस्ता एकाच नदीच्या खोऱ्यातून चालतो. कागल आणि कोगनोळी यांच्यामधून दोन राज्यांची सीमा जाते, पाट्यांची लिपी बदलते. पाण्याला मात्र त्याचा पत्ता नसतो.

ते पाणी कधी रस्ताही अडवते. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा महामार्गावर आली आणि शिरोलीपाशी वाहतूक कित्येक दिवस बंद पडली. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच झाले. माणसेही रस्ता अडवतात. १९८१ साली तंबाखूला भाव मिळावा म्हणून निपाणीच्या शेतकऱ्यांनी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली याच महामार्गावर ठाण मांडले होते. त्या आंदोलनाला गोळीबाराचे गालबोट लागले. सीमाप्रश्न तापला की दोन्ही राज्यांच्या बसगाड्या सीमेवर थबकतात, आणि त्या वेळी सर्वांत जास्त हाल कोणाचे होतात, हे या सभागृहात मी सांगायला नको.

या सभागृहात विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव या भागांतील गलाई व्यावसायिकांची कुटुंबे असतील. दुष्काळी माणदेशातून सोने-चांदी गाळण्याचे कसब घेऊन ही माणसे साऱ्या दक्षिणेत पसरली. त्यांच्यासाठी हा रस्ता पुण्याला नव्हे, कराडला सुरू होतो.

बेळगाव ओलांडल्यावर कित्तूर लागते. १८२४ साली राणी चन्नम्माच्या सैन्याने धारवाडचा कलेक्टर थॅकरे याला जिथे ठार केले, ते हे गाव. पुढे धारवाड. साताऱ्याचे कंदी पेढे आणि धारवाडचा पेढा या दोहोंत श्रेष्ठ कोणता, या वादात मी पडत नाही. धारवाडविषयी मला सांगायचे आहे ते निराळेच. द. रा. बेंद्रे या गावात जन्मले. त्यांच्या घरची भाषा मराठी होती; ते कन्नडचे महाकवी झाले आणि त्यांनी मराठीतही लिहिले. जी. ए. कुलकर्णी याच गावातल्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवीत आणि मराठी कथा लिहीत. १९७३ या एकाच वर्षी बेंद्र्यांना ज्ञानपीठ पुरस्कार आणि जी.एं.ना ‘काजळमाया’साठी साहित्य अकादमीचा पुरस्कार जाहीर झाला, जी.एं.नी तो पुढे परत केला, ही गोष्ट वेगळी. दोन भाषांत वाढणाऱ्या आपल्या मुलांची शक्ती विभागली जाते, अशी भीती पालक मला वारंवार बोलून दाखवतात. त्यांनी एकदा धारवाडला उतरावे.

याच धारवाडच्या बाह्यवळणाविषयी एक कठोर गोष्टही सांगितली पाहिजे. महामार्ग इतरत्र चौपदरी झाल्यानंतरही हुबळी-धारवाडचे बाह्यवळण अनेक वर्षे अरुंदच राहिले. जानेवारी २०२१ मध्ये दावणगेऱ्याहून गोव्याला निघालेल्या शाळासोबती मैत्रिणींच्या गाडीला तिथे भीषण अपघात झाला आणि त्यांतील बहुतेक जणी दगावल्या. रुंदीकरण त्यानंतर हाती घेण्यात आले. आज इथे जमलेल्या माजी विद्यार्थिनींना हे सांगताना जड जाते. पण या रस्त्याचे केवळ गोडवे गाणे अप्रामाणिकपणाचे होईल.

फौजांच्या वाटेकडे वळू. १७९० साली परशुरामभाऊ पटवर्धनांनी धारवाडच्या किल्ल्याला वेढा घातला आणि कित्येक महिन्यांनी, १७९१ च्या एप्रिलात, तो घेतला. त्यानंतर मराठी फौज श्रीरंगपट्टणच्या दिशेने गेली, तेव्हा उपासमारीने गांजलेल्या कॉर्नवॉलिसच्या सैन्याला मराठ्यांच्या छावणीतल्या भरल्या बाजाराने तारले. पुढे बारा वर्षांनी पारडे फिरले. मार्च १८०३ मध्ये वेलस्लीने हरिहरजवळ तुंगभद्रा ओलांडली आणि २० एप्रिलला तो पुण्यात होता. पेशवाईच्या अखेरीची चाहूल पुण्याला लागली ती आपल्याच बाजूने आलेल्या या रस्त्यावरून!

त्याआधीची आठवण शहाजीराजांची. १६३८ साली बंगळूर आदिलशाहीच्या हाती आले आणि त्यांच्याकडे सोपवले गेले. बालशिवाजी जिजाऊंसह काही काळ इथे राहिले. पूर्वी ब्लॅकपल्ली म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आपल्या या भागाला पुढे त्यांचेच नाव मिळाले. शहाजीराजे जानेवारी १६६४ मध्ये शिकारीत घोड्यावरून पडून निवर्तले, ते चन्नगिरी तालुक्यातील होदिगेरे येथे. त्यांची समाधी तिथे आहे. दावणगेऱ्याला महामार्ग सोडला की तिथे जाऊन त्याच दिवशी परत येता येते. रायगडाची सहल करून आलेल्या किती मुलांनी ती पाहिली आहे?

चित्रदुर्गाचे खडक आणि किल्ला दिवसाउजेडी पाहावेत असे आहेत. त्यांचे वर्णन करीत नाही. त्यानंतर हिरियूर, शिरे आणि तुमकूर. तुमकूरच्या टेकड्यांपाशी कृष्णेचे खोरे मागे पडते आणि आपण जिचे पाणी पितो त्या कावेरीचा मुलूख सुरू होतो. नेलमंगल, यशवंतपूर, आणि आपण घरी. दिवाळीला गावी जाणाऱ्यांनी या खेपेस एक तरी बाजू दिवसाच्या गाडीने करावी, मुलाला खिडकीशी बसवावे आणि नद्यांची नावे त्याच्याकडून वहीत लिहून घ्यावीत. त्या पाट्या कन्नडमध्ये आहेत. त्या तोच तुम्हाला वाचून दाखवील.