दाताचं दुखणं : आधी कुणाला पाहायचं?

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स आहे. आज दाताबद्दल बोलू या. तुम्ही म्हणाल, दाताचं काम दातांच्या डॉक्टरांचं, त्यात सिस्टरचं काय? खरं आहे. दात काढणं, भरणं माझं काम नाही. पण आमच्या केंद्रात दातांचे डॉक्टर नाहीत. दुखणारा माणूस पहिल्यांदा माझ्यासमोर येतो. त्याला लगेच गाडीत घालायचं, आज पाठवायचं, की दोन दिवसांनी गेला तरी चालेल, हे मला आधी बघावं लागतं.

सोयाबीनच्या काढणीत एका सकाळी दोघं आली. एक तरुण गाल दाबून कळवळत होता, रात्रभर झोप नव्हती. दुसरी चाळिशीची बाई, गालावर पदर घेऊन गप्प बसलेली. म्हणाली, "सिस्टर, त्याचंच आधी बघा. माझं दुखणं कालपासून कमी झालंय, सूज तेवढी आहे. गोळी द्या, मजूर खोळंबलेत."

मी पदर बाजूला केला. सूज जबड्याखालून गळ्याकडे उतरली होती, हाताला टणक लागत होती. अंगात ताप होता. तोंड उघडायला सांगितलं तर एक बोट जेमतेम गेलं. थुंकी गिळताना डोळ्यांत पाणी आलं. मी लगेच डॉक्टरांना हाक मारली, 108 बोलावली. जिल्हा रुग्णालयात गळ्याखालचा पू काढावा लागला. ती बरी होऊन घरी आली. त्या तरुणाच्या दाताला कीड होती, पण सूज नव्हती, ताप नव्हता. दुखणं थांबायची गोळी घेऊन तो दुसऱ्या दिवशी तालुक्याला गेला.

दुखणं कमी होऊनही धोका कसा वाढला? दाताच्या मुळाशी पू कोंडला की ठणका लागतो. तो हाडातून बाहेर पडला की दाब कमी होतो, बरं वाटतं. पण पू जिभेखाली आणि गळ्यात पसरला तर जीभ वर ढकलली जाते आणि श्वासाची वाट बंद होऊ शकते. म्हणून किती दुखतंय एवढ्यावर जाऊ नका.

घरी चार गोष्टी बघा. सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकते आहे का? तोंडात दोन बोटं उभी जातात का? गिळता येतं का? आवाज बदललाय, श्वास लागतोय का? यातलं काहीही असेल तर रात्र असली तरी थांबू नका. 108 लावा, माणसाला आडवं न करता बसवून ठेवा. सुजेला शेक देऊ नका.

मूल पडून पक्का दात मुळासकट निघाला, तर घाई करा. दात वरच्या पांढऱ्या भागाला धरा, मूळ घासू नका. माती लागली असेल तर दुधाने धुवून जागेवर बसवा आणि स्वच्छ रुमाल चावून धरायला सांगा. जमत नसेल तर दुधात ठेवून अर्ध्या तासात दवाखाना गाठा. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही.

दात काढल्यावर रक्त थांबत नसेल तर स्वच्छ कापडाची घडी वीस मिनिटं घट्ट चावून धरा, सारख्या चुळा भरू नका. तरी थांबलं नाही, किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर लगेच या.

हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी किंवा तंबाखू ठेवू नका, हिरडी भाजते. गरोदर असाल तर मनाने गोळी घेऊ नका, आधी आम्हाला विचारा.

आपण बायका दुखणं अंगावर काढतो. रांगेतही दुसऱ्याला पुढे करतो. पण गालावर सूज असेल तर पदर बाजूला करा आणि सिस्टरला आधी दाखवा.