अपंग-साहाय्य निधी आणि आपले कर्तव्य
(भंडारदरा येथील वार्षिक संमेलनातील भाषण)



ज्या धरणाच्या काठी आज आपण जमलो आहोत, ते १९२६ साली पुरे झाले. प्रवरेचे पाणी येथे नुसते साठून राहते, तर ते पाहुण्यांच्या कौतुकापुरतेच उरते. ओझरच्या बंधाऱ्यापासून कालव्यांनी ते शेतात पोचले, म्हणून संगमनेर-श्रीरामपूरकडचे मळे पिकले. अपंग-साहाय्य निधीचेही तसेच आहे. तो किती जमला, यापेक्षा कोठे पोचला, हे महत्त्वाचे.

आमच्या वर्गात पोलिओने पाय लुळा पडलेला एक विद्यार्थी होता. दयाबुद्धीने आम्ही त्यास कवायतीतून, सहलीतून, फळ्यापाशी येण्यातूनही सूट दिली. पुढे कित्येक वर्षांनी तो भेटला व म्हणाला, "गुरुजी, मला काय जमेल, हे तुम्ही कधी विचारलेच नाही." ते शब्द आम्हांस अजून बोचतात.

बाबा आमटे यांनी ही चूक केली नाही. १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन करून त्यांनी साधनाताईंसह वरोऱ्याजवळ आनंदवन उभारले. समाजाने टाकलेल्या कुष्ठरोग्यांच्या हाती त्यांनी भिक्षापात्राऐवजी कुदळ दिली. त्या हातांनी विहिरी खणल्या, शेती पिकविली, कापड विणले. देणग्या आनंदवनासही लागल्याच. परंतु त्यांतून काम उभे राहिले, लाचारी नव्हे.

२०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आणि सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागा राखल्या. परंतु त्या जागेपर्यंत पोचण्यास शिक्षण हवे, कुबडी हवी, तीनचाकी सायकल हवी. तेथे आपला निधी उपयोगी पडावा.

म्हणून आमची नम्र सूचना अशी की, यंदा भोजन व ब्लँकेटवाटपाचा समारंभ करू नये. प्रत्येक घरी जाऊन शिलाईयंत्र हवे की शिक्षणशुल्क, हे त्या व्यक्तीसच विचारावे. व्यासपीठावर बोलावून तिचे छायाचित्र काढू नये.

आणखी एक कटू गोष्ट. भावंडांच्या सोयरिकीत अडचण येईल, या भयाने अपंग मुलाचे नाव कुटुंबसूचीत न देणारी घरे आपल्यांतही आहेत. त्यांना आमचे हात जोडून सांगणे आहे : वर्गणी सवडीने द्या, परंतु ते नाव आजच द्या. जे मूल सूचीतच नाही, त्याच्यापर्यंत निधी कसा पोचणार?