पुट्टीखालचा गंज

आमचें राजापूर अर्जुना आणि कोदवली या नद्यांच्या कांठीं वसलेलें. पावसाळ्यांत जवाहर चौकांत पुराचें पाणी शिरतें. तेव्हां गंज म्हणजे काय हें आम्हांला निराळें शिकावें लागत नाहीं. तरीहि मी फसलों.

माझ्या मुलाच्या मोटारीची दाराखालची पट्टी एका कठड्याला घासून आंत दबली. कारागिरानें पत्रा न काढतां खळग्यांत बोटभर पुट्टी भरली आणि वर रंग दिला. गाडी नव्यासारखी दिसूं लागली. पैसेहि थोडे पडले. मीच त्याची तारीफ केली! दुसऱ्या पावसाळ्यांत रंगावर फोड आले, आणि एके दिवशीं जॅक लावतांच पट्टी कचकन् आंत गेली.

पुट्टीचा पातळ थर वाईट नव्हे. परंतु जाड थराला धक्क्यांनीं चिरा पडतात, त्यांतून ओल शिरते आणि रंग शाबूत दिसत असतां आंतला पत्रा खाल्ला जातो. पुढचें मडगार्ड बहुधा बोल्टांनीं बसविलेलें असतें. तें सहज बदलतां येतें. दाराखालची पट्टी मात्र सांगाड्याचा भाग. तिचा खराब पत्रा कापून नवा वेल्डिंगनें जोडावा लागतो, आंतून गंजरोधक लेप द्यावा लागतो. खर्च येतो खरा. पण बाजूनें धक्का बसला तर भार सोसणारा अवयव हाच.

जुनी गाडी घेतांना रुमालांत गुंडाळलेला लोहचुंबक पत्र्यावरून फिरवून पाहावा. जाड पुट्टीवर तो धरत नाहीं.

आमची पट्टी आतां बदलून झाली आहे. मधलीं दोन वर्षें मात्र सून आणि नातवंडें त्याच गाडीनें अणुस्कुरा घाट चढून कोल्हापुरास जात होतीं.