माथा सोडून



कळसूबाईला जायचं म्हणजे आपल्याकडे माथ्यावरच जायचं. देऊळच वर आहे. लोखंडी शिड्या चढून देवीपुढे हात जोडल्याशिवाय जाणं पुरं होत नाही. न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर रीत नेमकी उलटी. तिथले टोंगारिरो, न्गाउरुहोए आणि रुआपेहू हे ज्वालामुखी म्हणजे न्गाती तुवारेतोआ या माओरी जमातीचे पूर्वज. माओरींमध्ये माणसाचं मस्तक सर्वांत पवित्र. मग पूर्वजाच्या मस्तकावर पाय कसा द्यायचा?

१८८७ साली जमातीचे प्रमुख ते हेउहेउ तुकिनो चौथे यांनी ही शिखरं सरकारच्या स्वाधीन केली. माओरी जमिनींचे तुकडे पडून विकले जाण्याचे ते दिवस. डोंगरांचं तसं होऊ नये, ही तळमळ. त्यातून देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान उभं राहिलं. १९९३ मध्ये युनेस्कोने ‘सांस्कृतिक भूदृश्य’ म्हणून जगात पहिली नोंद केली, ती याच जागेची.

या उद्यानातून जाणारी टोंगारिरो अल्पाइन क्रॉसिंग ही सुमारे २० किलोमीटरची, दिवसभराची वाट जगभर गाजली. त्यात ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये न्गाउरुहोए झळकला आणि सिनेमातला डोंगर सर करायला लोक वाट सोडून वर जाऊ लागले. वर स्वच्छतागृह नाही, हेही सांगायला हवं. पूर्वजाच्या माथ्यावर काय काय होत असेल, ते समजून घ्या.

सरकारचं संवर्धन खातं आणि स्थानिक माओरी एकत्र बसले. बंदी घातली नाही. शिखरांकडे फुटणाऱ्या वाटांच्या पाट्या काढल्या आणि विनंती केली: वाटेने जा, माथ्यावर चढू नका, पाचूच्या रंगाच्या तळ्यांत हात बुडवू नका.

नुसती विनंती पुरत नाही. ऑस्ट्रेलियातल्या उलुरू या आदिवासींच्या पवित्र खडकावर ‘चढू नका’ ही पाटी वर्षानुवर्षं होती, आणि तिच्याजवळच चढायला साखळीही होती! लोक साखळीचं ऐकत राहिले. शेवटी २६ ऑक्टोबर २०१९ रोजी चढाई कायमची बंद करावी लागली. टोंगारिरोला आधी वाटच आवरली, हे मला जास्त शहाणपणाचं वाटतं. तरी काहीजण चढतातच.

तुमच्यापैकी कुणी मुलाबाळांकडे ऑकलंडला जाणार असेल, तर नोव्हेंबर ते एप्रिल हा तिथला चालण्याचा हंगाम. ती वाट जरूर चाला. शिखरं मात्र खालूनच पाहा.