पावसाचा थेंब : डोंगरावरचा आणि सपाटीचा
(शिक्षकांच्या उद्‌बोधन वर्गातील भाषण)



पाऊस किती पडला हे पर्जन्यमापक सांगतो. तो कसा पडला हे सांगत नाही. दोन गावी पाऊस सारखाच झाला, तरी एका गावी माती भिजते आणि दुसऱ्या गावी वाहून जाते. ह्या भेदाचे एक कारण थेंबांच्या आकारात आहे.

१ मिलिमीटर व्यासाचा थेंब सेकंदास सुमारे ४ मीटर वेगाने खाली येतो. ५ मिलिमीटरचा थेंब सुमारे ९ मीटर वेगाने. मोठ्या थेंबात पाणी १२५ पट आणि आघाताची ऊर्जा सुमारे ६०० पट असते. असा थेंब ढेकूळ फोडतो, मातीची छिद्रे बुजवितो. मग पाणी न मुरता गाळासह ओढ्याकडे धावते.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने २०१२ साली महाबळेश्वर येथे मेघभौतिकी प्रयोगशाळा स्थापन केली. सह्याद्रीवरील मोजमापांत असे आढळले की, माथ्यावर पाऊस विपुल, परंतु थेंब बहुधा बारीक असतात. पूर्वेकडील पर्जन्यछायेत पाऊस थोडा, पण त्यात मोठ्या थेंबांचे प्रमाण अधिक. माथ्यावर ढग बुटके व जमिनीलगत असतात. थेंबांना एकमेकांत मिसळून फार वाढण्यास अवसर मिळत नाही. सपाटीवर ढग उंच चढतात, त्यांतील हिमकण वितळून टपोरे थेंब होतात आणि बारीक थेंब वाटेतच कोरड्या हवेत विरतात.

वऱ्हाडातही सुमारे १,१०० मीटर उंचीवरील चिखलदरा आणि खाली पूर्णेचे सपाट खोरे अशी जोडी आहे. दोहोंकडील शाळांनी ही तुलना अवश्य करावी. साधन सोपे आहे. अमेरिकेतील विल्सन बेंटली ह्या शेतकऱ्याने १९०४ साली ते प्रसिद्ध केले. थाळीत चाळलेले पीठ बोटभर जाडीचे पसरावे, पावसात चार-पाच सेकंद धरावे, गोळ्या वाळू द्याव्या व चाळून पट्टीने मोजाव्या. पागोळ्यांचे पाणी थाळीत पडू नये. विजा चमकत असता मुलांना बाहेर सोडू नये.

तारीख, पर्जन्यमान व थेंबांचा आकार वहीत मांडला, की मुले आपोआप विचारतील : ह्या माऱ्यापासून आपल्या काळ्या मातीचे रक्षण कसे करावे? उताराला आडवी पेरणी आणि जमिनीवर पालापाचोळ्याचे आच्छादन, ही उत्तरे तेव्हा पाठ करावी लागणार नाहीत. ती त्यांना स्वतःच्या वहीतच दिसतील.