पहिल्या नळीवर निकाल नको

सोयरीक जुळवताना आपण घरदार विचारतो, शेती विचारतो, नातीगोती तपासतो. सातपुड्याच्या पायथ्याला, जळगाव जामोद-संग्रामपूरच्या पट्ट्यात आणि एकूणच विदर्भात आणखी एक गोष्ट विचारायला हवी. ती म्हणजे सिकलसेलची तपासणी.

हिमोग्लोबिन हे रक्तात प्राणवायू वाहून नेणारे प्रथिन. त्याच्या बीटा साखळीत १४६ दुवे असतात. सिकलसेलमध्ये त्यांतला फक्त सहावा दुवा बदललेला असतो. एका शब्दाने ओळीचा अर्थ फिरतो, हे आम्हा कवींना ठाऊक असते. इथे तर तांबड्या पेशीचा आकारच फिरतो. गोल पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि हाडे-सांधे ठणकू लागतात. नागपूर भागातल्या या दोषाची नोंद शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्येच केली होती.

पहिली तपासणी सोपी असते. द्रावणाच्या नळीत रक्ताचा थेंब टाकतात. नळीमागच्या काळ्या रेषा दिसल्या तर ठीक. द्रावण गढूळ होऊन रेषा झाकल्या तर दोष असण्याची शक्यता. पण रुग्ण आणि वाहक, दोघांचेही द्रावण गढूळच होते. तान्ह्या बाळात किंवा रक्त फारच कमी असलेल्या माणसात ही चाचणी चुकूही शकते.

म्हणून दुसरी तपासणी हवी, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. विजेच्या प्रवाहात निरोगी आणि सदोष हिमोग्लोबिन वेगवेगळ्या गतीने सरकते, हे लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवले. कोणते हिमोग्लोबिन किती, हे या तपासणीत कळते. औषध सुरू असलेल्या रुग्णाचा पुढचा अहवालही मागच्याशेजारी ठेवूनच वाचावा लागतो. नुकतेच रक्त चढवले असेल तर ते आधी सांगा. नाहीतर दात्याचे रक्तही मोजले जाते आणि निकाल फसवा येतो.

वाहक म्हणजे रोगी नव्हे. तो शेतात राबतो, संसार करतो. मात्र नवरा-बायको दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते, आणि हा दोष आई-बाप दोघांकडून सारखाच येतो. तेव्हा एकट्या सुनेला बोल लावण्यात काही अर्थ नाही.

तपासणी मुलाची आणि मुलीची, दोघांचीही करा. दुसरा अहवाल हाती येईपर्यंत थांबा, आणि तो समजावून घ्या. गढूळ झालेल्या एका नळीवरून कुणाच्या लेकीला नाव ठेवू नका.